बोंडल्यातलं मिठाचं पाणी

मेलेल्या माणसाला परत यायचंच असेल, तर त्यानं पांढऱ्या कपड्यांत, उलट्या पायांनी आणि बघणाऱ्याची दातखीळ बसेल अशाच बेतानं यावं, हे कुणी ठरवलं देव जाणे. फ्रेमवालीचा नवरा आला तो नुसत्या वासानं आला. ना दिसला, ना बोलला, ना त्यानं कधी एखादं भांडं पाडलं. भरदुपारी, गिऱ्हाइकं आपापल्या घरी जेवायला गेलेली असताना, दुकानामागच्या खोलीत कामाच्या टेबलापाशी तो वास यायचा. थोडा वेळ घुटमळायचा आणि जायचा.

वास त्याचाच होता, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आधी यायचा चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचा. फोटोच्या लाकडी पट्ट्यांना पॉलिश मारण्यात त्याचा जन्म गेला होता, तो वास नखांत मुरला होता. आता पॉलिशचा वास काय, त्या खोलीत बारा महिने असायचाच, असं कुणीही म्हणेल. पण त्याच्या पाठोपाठ तंबाखूचा यायचा आणि सगळ्यांत शेवटी संत्र्याच्या सालीचा, जरासा कडवट. हे तिन्ही वास याच क्रमानं एकाच माणसाच्या अंगाला यायचे, आणि तो माणूस मागच्या थंडीत गेला होता.

सालीची गंमत सांगायलाच हवी. हा गडी शाळेत असल्यापासून चोरून सिगरेट ओढायचा आणि आईला कळू नये म्हणून वर संत्र्याची वाळकी साल चघळायचा. मिशा फुटल्या, लग्न झालं, कानशिलं पांढरी झाली, तरी खिशातली साल काही सुटली नाही. आणि मजा अशी, की ज्या आईसाठी हा सगळा खटाटोप, तिला वास येतच नव्हता. तिचा नवरा लवकर गेला आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. पॉलिशपेपरनं पट्ट्या घासघासून लाकडाचा बारीक भुसा तिच्या नाकात असा काही जाऊन बसला, की पोरगं शाळेत जायला लागेपर्यंत तिचं नाक निव्वळ चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं. चुलीवर दूध करपून कोळसा झालं तरी ही शेजारी बसून निवांत भाजी निवडायची. शेजारीण बोंबलत आली की मग हिला कळायचं.

"मग त्यांना कसं कळणार आहे?" असं बायकोनं नवीन असताना विचारलं होतं.

"आयांचा काही भरवसा नसतो," तो म्हणाला होता. "तू बोलू नकोस म्हणजे झालं. माझी शपथ आहे तुला."

तिनं शपथ पाळली. तो असताना पाळली आणि तो गेल्यावर मोडायचं काही कारण उरलं नाही.

तो गेला तोही आपल्या तऱ्हेनं. एका गिऱ्हाइकाकडे मोठा आरसा टांगायला गेला होता. आरसा टांगला, सरळ केला, "आता बघा," म्हणाला, शिडीवरून खाली उतरला, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसला, तो बसलाच. पोरबाळ नव्हतं. घरात राहिल्या सासू आणि सून, आणि पुढच्या बाजूला लोकांच्या आजोबापणजोबांचे, नव्या जोडप्यांचे, बक्षीस घेणाऱ्या पोरांचे फोटो. सून पट्टी कापायची, कोपरे जुळवायची, हिरकणीनं काच कापायची. सासू आता घासायचं काम करत नसे, मागं चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून द्यायची. गावभरच्या माणसांना त्यांनी चौकटी घातल्या, पण घरच्या माणसाचा फोटो मात्र टेबलाच्या खणात पालथा पडून होता. सासूनं एकदोनदा विषय काढला. सुनेनं तो टाळला. रोज दुपारी जो घरात वावरतो त्याला कुणी खिळ्याला टांगतं का?

हे ती बोलली नाही. बोलली असती तर वेड लागलं म्हणाले असते लोक. आणि खरं सांगायचं तर तिला वाटेकरी नको होता. सकाळपासून ती त्या दुपारच्या वेळेकडे डोळे लावून बसायची. काम हातावेगळं करायची, दार ओढून घ्यायची आणि त्याच्या उंच स्टुलावर डोळे मिटून बसायची. वास आला की तिच्या खांद्यावरचं सगळं ओझं उतरायचं. अशी सुखाची भुतं सगळ्यांच्या नशिबी नसतात.

पण सुखाला नजर लागायला वेळ लागत नाही. तिचं डोकं दुखू लागलं. खाली वाकलं की डाव्या गालात ठणका, चावताना दाढा दुखायच्या, सकाळी उठलं की डोळा जड. डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन ती दिवस ढकलत राहिली. एकदा काच कापताना डोळ्यापुढं अंधारी आली आणि चांगली मोठी काच वाया गेली, तेव्हा कुठं ती नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तरुण होता, आणि सगळं गाव नाक गळत त्याच्याच दाराशी आल्यासारखा वैतागलेला होता. त्यानं बत्ती लावून नाकात पाहिलं, गालावर बोटानं टकटक केलं. ती कळवळली.

"कसला वास येतो का? म्हणजे बाकीच्यांना येत नाही असा?"

ती दचकली. हे याला कसं ठाऊक?

"येतो," ती म्हणाली.

"येणारच. गालाच्या पोकळीत पू साठलाय. नस चाळवली की मेंदूला वाटतं, वास येतोय. कुणाला रबर जळल्याचा येतो, कुणाला कुजक्या बटाट्याचा. मागं एक आजी यायच्या, त्यांना त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचा यायचा." तो लिहिता लिहिता हसला. "बाहेर काही नसतं हो. सगळं आतच."

"मग?"

"मग काय, धुऊन काढायचं. उकळून कोमट केलेलं पाणी, पेलाभर पाण्याला अर्धा लहान चमचा साधं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. वाकून एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून बाहेर. सकाळ-संध्याकाळ. सोबत ह्या गोळ्या. वास जाईल, दुखणंही जाईल."

"नाही धुतलं तर?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "डोळा शेजारीच आहे. तिथं उतरलं तर ऑपरेशनची पाळी येईल. डोळ्याशी खेळ नको, बाई."

ती घरी आली. गोळ्यांची पुडी तिनं चुकांच्या डब्यामागं सरकवून ठेवली आणि मीठ डब्यातच राहू दिलं. डॉक्टर काय म्हणाला होता ते तिला नीट कळलं होतं, उगाच अडाण्याचा आव आणण्यात अर्थ नव्हता. तिचा नवरा म्हणजे तिच्या गालातला पू होता. बरं, असेना. पू तर पू. ज्याचं आपल्याकडे एवढंच उरलंय ते आपल्याच हातानं धुऊन मोरीत सोडायचं? त्या दुपारी वास नेहमीपेक्षा उग्र आला आणि ती टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. डोळे पुसून वर बघते तो दारात सासू.

"काय झालं ग?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी एवढं रडतं होय? आणि हे असं नाक वर करून काय बसतेस रोज? मी बघत नाही असं वाटलं तुला? वास येत नाही मला, दिसतं चांगलं."

सुनेला खोटं सुचलं नाही. गालात ठणका लागला की खोटं सुचत नाही.

"आई, ह्यांचा वास येतो मला. इथं. रोज दुपारी."

म्हातारी आत आली. भिंतीला धरून हळूहळू बाकड्यावर बसली. सुनेला वाटलं, आता रडेल, नाहीतर पदराचा बोळा तोंडात कोंबेल. पण तिच्या तोंडावर आला तो राग.

"मी नऊ महिने पोटात वागवला," ती म्हणाली. "त्याची शी-शू मी काढली. आणि मेल्यावर येतो कुणाकडे? बायकोकडे."

"अहो आई, तो वास तसा..."

"तुझ्याकडे येतो कारण तुझं नाक उघडं आहे. माझं दार बंद, मग तो तरी काय करील?" मग आवाज एकदम खाली आला. "असं नाक उघडायला काय करतात ग, पोरी?"

आता इथं सुनेनं डॉक्टरची सगळी गोष्ट सांगून टाकायला हवी होती. पण म्हातारीचे डोळे तिच्याकडे असे काही लागले होते की तिला तेवढं धैर्य झालं नाही. "मिठाच्या पाण्यानं धुतात म्हणे," एवढंच ती म्हणाली, आणि तिथंच फसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून असा काही आरडाओरडा आला की समोरचा सलूनवाला हातातला वस्तरा घेऊन धावत आला. म्हातारी मोरीच्या कठड्याला धरून ओणवी, डोळे लाल, नाकातोंडातून पाण्याच्या धारा. एका हातात बोंडलं, म्हणजे तान्ह्या पोराला दूध पाजायचं ते चोचीचं पितळी भांडं. लेकाला याच बोंडल्यानं पाजलेलं, इतकी वर्षं फडताळात वर जपून ठेवलेलं.

"मीठ किती घातलंत?" सुनेनं पाठ चोळत विचारलं.

"एकास चार!" म्हातारी खोकत म्हणाली.

"एकास चार? ते पॉलिशचं प्रमाण आहे, आई! चपड्याचं!"

"मग मला दुसरं कुठलं प्रमाण येतं?"

सलूनवाला वस्तरा मिटून हसत हसत गेला. सुनेलाही हसू आलं, गाल दुखेपर्यंत. त्या दिवसापासून पाणी करायचं काम तिनंच अंगावर घेतलं. पाणी खळखळून उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, अर्धा चमचा मीठ, चिमूट सोडा, ढवळून बोंडल्यात. म्हातारी वाकायची, मान कलती करायची, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची आणि चोच नाकपुडीला लावायची. आधी पाणी पलीकडून येईचना. आलं तसं परत फिरायचं. म्हातारी चिवट. म्हणायची, "तुंबलेल्या मोरीला काय एका बादलीनं वाट मिळते?" शेजारीपाजारी हसायचे, या वयात हिला नाक शिंकरायचा नाद लागला म्हणून. ती कुणाला काही सांगायची नाही.

सून रोज आपल्या हातानं ते पाणी करायची आणि स्वतः त्याला शिवत नव्हती. चुलीपुढं उभी राहून मीठ विरघळताना बघायची. एक बाई वास मिळावा म्हणून नाक धुतेय, दुसरी वास जाऊ नये म्हणून धूत नाही, आणि पातेलं एकच. तिला स्वतःची लाज वाटायची, म्हातारीची दया यायची. कारण नाक उघडून म्हातारीला मिळणार काय होतं? कपाळ! बाहेर काहीच नाही, हे सुनेला ठाऊक होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवस गेले.

आणि एका सकाळी पलीकडच्या नाकपुडीतून पाण्याची सरळ धार आली. म्हातारीनं नाक पुसलं, तशीच थांबली आणि मोरीतली साबणाची वडी उचलून नाकाशी नेली.

"अग," ती म्हणाली. "साबण."

त्यानंतर ती घरभर फिरली. स्पिरिटची बाटली हुंगली, कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा हुंगला, पायपुसणं हुंगून तोंड वाकडं केलं. ताज्या कापलेल्या पट्टीचा भुसा मुठीत धरून नाकाशी नेला. "ह्यानंच घालवलं होतं, मेल्यानं," असं त्याला म्हणाली खरी, पण मूठ लवकर सोडेना. एरवी सुनेला या सगळ्याचं कोण कौतुक वाटलं असतं. पण तिचा डावा डोळा सकाळपासून अर्धाच उघडत होता, आणि दुपार जवळ येत होती.

दुपारी म्हातारी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून मागच्या खोलीत आली. परीक्षेला बसल्यासारखी बाकड्यावर ताठ बसली. सून स्टुलावर. दार ओढलेलं. समोरच्या सलूनमधला रेडिओ तेवढा बारीक ऐकू येत होता.

वास आला. सुनेला तो इतका जवळून आला की मान वळवली तर त्याचा सदरा गालाला लागेल. पॉलिश, तंबाखू, साल.

"आला?" म्हातारीनं तिचा चेहरा बघून विचारलं.

सुनेनं मान हलवली. म्हातारीनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. उठली, टेबलाच्या कडेनं फिरली, चौकट आवळायचा शिकंजा हुंगला, भिंतीवरचा त्याचा कामाचा अंगरखा हुंगला. तो बिचारा धुऊन वाळवून टांगलेला, त्याला कसला वास असणार? शेवटी ती टेबलाला धरून उभी राहिली.

"मला नाही येत ग," ती म्हणाली. "सगळं येतं. पायपुसण्याचा येतो. त्याचाच येत नाही."

सून उठून तिला धरायला गेली. म्हातारी तिच्या खांद्याशी आली, आणि एकदम मागं सरकली.

"तोंड वर कर."

"काय झालं?"

"उजेडाला ये म्हणते ना." म्हातारीनं तिची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली, नाक जवळ नेलं, पुन्हा हुंगलं. "काहीतरी कुजलंय तुझ्यात. डोळा कधीपासून सुजलाय? अग, मी काय आंधळी झाले होते या नाकाच्या नादात?"

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर, पू, मेलेलं कुत्रं, चुकांच्या डब्यामागची पुडी. सून बोलत गेली आणि म्हातारी ऐकत गेली. "मला माहीत होतं, तुम्हाला काही मिळणार नाही ते," सून म्हणाली. "तरी पाणी करून देत राहिले. आणि मी धुतलं तर हे जातील, आई. मग माझ्याकडे काहीच उरत नाही. डोळा गेला तर जाऊ दे."

म्हातारी तिला मारणार की काय, असं क्षणभर वाटलं. पण ती बाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत दुकानात चुका ठोकत राहिली. ठोके नेहमीपेक्षा जोरात होते. एक काच तडकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती सुनेच्या आधी मागच्या खोलीत जाऊन बसली होती. सून दारात आली तशी तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"आलाय," ती म्हणाली. "मला आला."

सुनेनं आत येऊन दार ओढून घेतलं.

"अगदी तसाच. दुधाचा, तेलाचा, उन्हात वाळवलेल्या दुपट्याचा. तुला येतोय ना?"

सुनेला येत होता तो पॉलिशचा आणि तंबाखूचा. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला दुपट्याचा वास कुठून येईल? म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही धड जमत नव्हतं.

"आता तो माझ्याकडे राहील," म्हातारी म्हणाली. तिनं सुनेचा हात धरला. "इतके दिवस तू सांभाळलास. आता मी सांभाळते. रोज इथं बसेन, आला की तुला सांगेन. जाणार नाही तो कुठं. तू नाक धू, पोरी. लेक गेला माझा, आता तुला पण घालवू?"

त्या खोट्याला काय म्हणायचं? सुनेला कळत होतं, म्हातारीला कळत होतं की सुनेला कळतंय. पण हात असा घट्ट धरला होता की त्यातून सुटका नव्हती. पाणी त्या दिवशी सासूनं केलं. अर्धा चमचा मीठ, चिमूट सोडा, मोजून. बोंडलं उकळत्या पाण्यातून काढून दिलं.

सून मोरीत वाकली. पाणी आत शिरलं तसं कपाळात झिणझिणलं, घशात खारट उतरलं, श्वास कोंडला. "तोंडानं घे श्वास, तोंडानं," सासू पाठीवर हात ठेवून म्हणत होती. बराच वेळ काही नाही. मग काहीतरी सुटलं, पिवळं, दाट, रक्ताचा धागा असलेलं, आणि अशी दुर्गंधी आली की दोघींनी तोंड फिरवलं. त्या दुर्गंधीतून शेवटची एकदा तंबाखूची झुळूक आल्यासारखी वाटली. पाण्याबरोबर ती मोरीच्या भोकातून खाली गेली. सून तिथंच बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला, जसा तो गेला त्या दिवशी फोडला नव्हता. त्या दिवशी माणसं जमली होती, लाज वाटली होती. आज मोरीत कुणी नव्हतं, सासूशिवाय.

गोळ्या चालू झाल्या. सूज उतरली, डोळा उघडला, डॉक्टरनं बत्ती लावून पाहिलं आणि खूश झाला. "वास गेला ना?" त्यानं विचारलं. गेला, ती म्हणाली. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. तो चांगलाच माणूस होता, पण त्या क्षणी तिला त्याची बत्ती फोडून टाकावीशी वाटली.

मागची खोली आता नुसती खोली झाली. भुशाला भुशाचा वास, सरसाला सरसाचा. म्हातारी मात्र शब्दाला जागली. रोज दुपारी बाकड्यावर जाऊन बसायची आणि बाहेर येऊन सांगायची, आज आला होता, आज जरा उशिरा आला, आज तीट लावल्यासारखा काजळाचा होता. सून हो हो म्हणायची. पोकळ सांत्वन होतं, पण कुणीतरी आपल्यासाठी रोज खोटं बोलायचे कष्ट घेतंय, यालाही एक ऊब असते. नाक मात्र दोघी धूत राहिल्या, आधी सासू, मग सून, बोंडलं उकळून घेऊन.

एका दुपारी सुनेनं खण उघडला आणि त्याचा फोटो बाहेर काढला. आता लपवायचं कशाला, येणारा तर गेला. तिनं चांगल्या जुन्या लाकडाची पट्टी निवडली, कोपरे कापले, काच पुसली. त्याच्याच स्टुलावर बसून ती चौकट जुळवत होती. सासू बाकड्यावर आपल्या नेमानं डोळे मिटून बसली होती. एरवी लगेच काहीतरी दुधातुपाचं बोलायची. आज बोलेना. सुनेनं मान वर केली.

म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ती हुंगत होती, थांबत होती, पुन्हा हुंगत होती. बाजारात फसवलेलं माणूस दिसतं तशी दिसत होती.

"काय हो, आई?"

"हा ओढतो?" म्हातारी म्हणाली.

सुनेनं हातोडी खाली ठेवली.

"सिगरेट ओढून आलाय. आणि वर काय ते, थांब... साल. संत्र्याची साल चघळलीय मेल्यानं." म्हातारीनं डोळे उघडले. त्यांत पाणी आणि संताप दोन्ही होतं. "माझ्यापासून लपवायला! कधीपासून ग? किती वर्षं?"

सुनेनं जोरानं श्वास घेतला. भुसा. सरस. काच पुसलेल्या फडक्याचं स्पिरिट. दुसरं काही नाही. संत्र्यांचे दिवस जाऊन कितीतरी काळ लोटला होता, घरात साल सोडा, बीसुद्धा नव्हती.

"तुम्हाला... तुम्हाला आधी माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? नाक कुठं होतं मला? तुला माहीत होतं!" म्हातारी उठली. "नवरा-बायकोनं मिळून मला खुळ्यात काढलं. छातीत कळ आली ती कशानं आली असेल, याचा विचार केलास कधी? मला सांगितलं असतंस तर मी झोडपला असता त्याला, मिशा आल्या असल्या तरी झोडपला असता!"

खोटं बोलणारं माणूस असं भांडत नाही. म्हणजे तो होता. ती नाक धुऊन मोरीत सोडत होती तेव्हाही तो इथंच होता, आणि आता तिच्यासाठी दार बंद झालं होतं. तिनं पुन्हा श्वास घेतला, नाकपुड्या दुखेपर्यंत घेतला. नाक स्वच्छ होतं, अगदी डॉक्टरला हवं होतं तसं.

"शपथ घातली होती हो मला," ती रडत म्हणाली. "आई, कुठं आहेत ते? सांगा ना, कुठं येतोय वास?"

म्हातारीचा राग अजून उतरला नव्हता. तिनं पदरानं नाक पुसलं, सुनेकडे पाहिलं, मग सुनेच्या जरा मागं, खांद्याच्या वर पाहिलं.

"सरक जरा," ती म्हणाली. "त्याच्या जागेवर बसलीयस."

सुनेनं फोटो पालथा करून टेबलावर ठेवला आणि स्टूल सोडून ती सासूशेजारी बाकड्यावर येऊन बसली.